माझ्या कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी

गेल्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये आमच्या सांडोर गावच्या बायकांच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग प्रसिद्ध झालं. लाल चौकड्यांची लुगडी नेसून सगळ्या मंचावर उभ्या होत्या, निम्म्याजणी पिना लावून सावरत. मी पहिल्या रांगेत, सत्काराची शाल घेऊन. फादर माईकवर म्हणाले की माझ्या वहीमुळे ही गाणी वाचली. टाळ्या पडल्या. मी मान लववली. या वयात खोटं कौतुक छान पचतं.

वहीत काय नाही, ते फादरांना ठाऊक नव्हतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायची आमच्याकडे रीत. तिथे सासू घरातल्या एकेका सुनेचं कडवं म्हणते. चार ओळींचं. पहिल्या दोन ओळींत सुनेची टर, पुढच्या दोनांत कौतुक. कडवं सासूनंच रचायचं आणि सुनेनं ते पहिल्यांदा विहिरीवर, सगळ्यांदेखत ऐकायचं.

मी पापडी गावची, नुकती शाळेत शिकवायला लागलेली. तेव्हाची मी, ही बया, स्वतःला कोण समजत होती देव जाणे. नणंदेच्या लग्नाचं पाणी आणायला ही मनगटावर घड्याळ बांधून गेली. माहेरच्या विहिरीला कप्पी होती, इथे नुसता दोर. दोर सुटला, घागर बुडाली. सासूबाईंनी तिथल्या तिथे सूर लावला:

“खडूच्या हातांची आली गं सून,
घागर निसटली हातामधून.”

बायका पोट धरून हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. पण आमची मास्तरीण ताठ मानेनं वळली आणि केळीच्या बागेतून तरातरा घरी. पुढच्या दोन ओळींना थांबलीच नाही. कडी लावून पोरांच्या वह्या घेऊन बसली, दुसऱ्यांच्या चुकांना लाल शाईनं गोल करत.

सासूबाईंनी ते कडवं पुन्हा कधी म्हटलं नाही. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा म्हणाल्या, गाणी लिहून घे. मी सुवाच्य अक्षरात घेतली. मोठ्या जावेचं कडवं झालं, मधलीचं झालं. मग त्या थांबल्या.

“तुझं लिहितेस?”

“पेपर तपासायचेत,” मी म्हटलं आणि वही मिटली.

उद्या विचारू, परवा विचारू, असं करता करता त्या गेल्या.

माझी नात या बायकांत गाते. तिचं लग्न डिसेंबरात आहे. तालमीच्या वेळी तिनं विचारलं होतं की दोन्ही मोठ्या आजींची कडवी आहेत, मग तुझं कुठे? माझं कोणी रचलंच नाही, असं मी सांगितलं. हॉलमध्ये रेकॉर्डिंग लागलं, तेव्हा मधल्या जावेचं कडवं संपून गाणं सरळ दुसऱ्या गाण्यात शिरलं. कोणाला काही खटकलं नाही. इतकं स्वच्छ काम केलंय मी.

चहापॅटिसच्या वेळी मी शेजारच्या वहिनींजवळ जाऊन बसले. त्या संध्याकाळच्या बायकांतल्या त्या एकट्याच उरल्यात. पन्नास वर्षांनी पहिल्यांदा विचारलं, “वहिनी, माझ्या कडव्याच्या पुढच्या दोन ओळी काय होत्या?”

त्यांनी पॅटिस खाली ठेवलं. खडू, घागर सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पुन्हा एकदा मनसोक्त हसून घेतलं त्यांनी.

“आणि पुढचं?”

“पुढचं कोणी ऐकलं, मास्तरीण? आम्ही सगळ्या तुझ्यामागं धावलो, तुझी समजूत काढायला. तुझ्या सासूला म्हटलं, चल. ती येईना. ती एकटीच राहिली विहिरीवर, गळ टाकून तुझी घागर काढत.”

“मग तिनं म्हटल्या का त्या ओळी?”

“विहिरीला विचार,” वहिनी म्हणाल्या आणि पॅटिस उचललं.

विहीर तरी कुठे आहे. तिच्यावर आता सोसायटीचं पार्किंग आहे. घागर मात्र आहे. नणंदेच्या लग्नाच्या सकाळी ती चुलीपाशी भरून ठेवलेली होती, आणि ती विहिरीतून कोणी काढली हे विचारायचं मला तेव्हा सुचलंही नव्हतं. नातीनं तिच्यात मनीप्लांट लावलाय.