बहमन जिथं फुटतो

काळालाही ज्याच्यासमोर जाताना सदऱ्याची बटणं नीट लावून जावं लागत असेल, असा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आपण सगळे काळाच्या मागे धापा टाकत असतो. मामा मात्र त्याला गारखेड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत समोर बसवून उलटतपासणी घेत असत. शहरातल्या एका जुन्या कचेरीच्या अभिलेख खोलीत त्यांनी सगळी नोकरी काढली. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी ते तिथं लागले, तेव्हा निजामाच्या काळातलं दप्तर कमरेइतकं उंच रचलेलं होतं, सगळं उर्दूत आणि सगळ्या तारखा फसली सालातल्या. जानेवारी-फेब्रुवारीच्या जागी आजूर, दय, बहमन, इस्फंदार असे महिने. कचेरीतल्याच एका म्हाताऱ्या पेशकारांनी त्यांना ते वाचायला शिकवलं. मामा त्यांना शेवटपर्यंत उस्ताद म्हणत आणि त्यांचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावत.

मामांना वेळ विचारणं सोपं नव्हतं. "किती वाजले?" म्हटलं, की ते आधी विचारत, "कशासाठी पायजे?" एस.टी. गाठायची असेल तर एक उत्तर, औषध घ्यायचं असेल तर दुसरं, आणि नुसतं बोलायला विषय हवा असेल तर ते सांगतच नसत. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ आठवड्याला चार मिनिटं मागं पडे. मी नवा जावई, उत्साहाच्या भरात एका रविवारी स्टुलावर चढून ते बरोबर लावलं. मामांनी मला खाली उतरवलं, पाणी दिलं आणि दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, "जावईबापू, हे पंचवीस वर्षं एकाच हिशेबानं चुकतंय. त्याच्यावर विश्वास बसला होता." मग घड्याळ किती मागं होतं ते आठवून त्यांनी काटे पुन्हा त्या चुकीवर नेऊन ठेवले, तेव्हा कुठं चहा मिळाला.

पाहुणा "दोन दिवस राहिलो" म्हणाला, की रात्री मोजल्या का दिवस, हा प्रश्न ठरलेला. "महिन्याभरात येतो" असं म्हणण्याची तर सोयच नव्हती. कोणत्या महिन्याभरात? अठ्ठावीस दिवसांच्या का एकतीस? "महिना हे माप नाय," ते म्हणत, "ते नुसतं नाव हाय. नावानं कधी कापड मोजतात का?" त्यांचा रंगारी हे वाक्य ऐकून गेला तो परत आला नाही, आणि दोन खोल्यांपैकी एक कायमची निळी आणि एक कायमची पांढरी राहिली. खुलताबादला दर्ग्याच्या वाटेवर कुणी म्हातारा भेटला, तर मामा त्याला वय विचारत नसत. जन्माचा महिना आजूर का तीर, ते विचारत. तो म्हातारा अर्धं आयुष्य कुणी विचारलं नव्हतं ते आठवायला लागे, आणि चेहऱ्यावर अशी चमक येई की बघणाऱ्याला वाटावं, याला हरवलेलं काहीतरी सापडलं.

त्यांच्याकडे एक वही होती. वर सुबक अक्षरात 'चुका' असं लिहिलेलं. सगळ्या नोकरीत त्यांच्या हातून तारखेच्या ज्या चुका झाल्या, त्या त्यात नोंदवलेल्या होत्या. तीन. एकीत लीप वर्षाचा एकोणतीस फेब्रुवारी विसरला होता, आणि ती सांगताना त्यांचा आवाज अजून खाली जाई. इतर लोक घरी आलेल्याला लग्नाचा अल्बम दाखवतात, मामा ती वही दाखवत.

मी तेव्हा एका लहानशा फर्ममध्ये प्रोग्रॅम लिहीत असे. गारखेड्यातच, जिन्याखालच्या खोलीत, चार कॉम्प्युटर आणि एक पंखा. आम्हाला एका कचेरीतल्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर घेण्याचं काम मिळालं. फसली तारीख टाकली की इंग्रजी तारीख निघावी, दोन तारखा दिल्या की मधलं अंतर निघावं, एवढाच प्रोग्रॅम. मी मामांना शिकवायला म्हणून खोलीवर नेलं. त्यांनी पडद्याला नमस्कार केला आणि लगेच परीक्षा सुरू केली. एकतीस जानेवारी धरा म्हणाले, त्यात एक महिना मिळवा. मशीननं तीन मार्च दिला. आता त्यातून एक महिना वजा करा. मशीननं तीन फेब्रुवारी दिला.

"एक महिना पुढं गेलं, एक महिना मागं आलं, आन् घर सापडंना त्याला," मामा म्हणाले. "लई भोळं हाय तुमचं मशीन. सांभाळून घ्या."

ज्या गोष्टीवर मी पुस्तकं चाळली असती, ती त्यांनी दोन मिनिटांत, खुर्चीच्या कडेवर बसून दाखवली. त्यानंतर सलग सहा रविवार दुपारी त्यांनी मला फसली साल शिकवलं. कुठला महिना किती दिवसांचा, कुठल्या मुन्शीचा हात कसा वळतो, सगळं तोंडपाठ. आणि एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. फसली साल ऑक्टोबरात सुरू होतं. आजूर आणि दय या महिन्यांना सालात पाचशे नव्वद मिळवायचे, की इंग्रजी साल येतं. पण इस्फंदारपासून पुढं पाचशे एक्याण्णव. आणि मधला बहमन? "बहमन फुटतो, जावईबापू. त्याचे थोडे दिवस डिसेंबरात, थोडे जानेवारीत. सगळी गफलत तिथं होती. तिथं डोळ्यात तेल घाला."

मी नाही घातलं. काम देण्याची तारीख जवळ आली होती, तपासायला घेतलेल्या नोंदी सगळ्या आजूर-दयच्या होत्या आणि बरोबर येत होत्या. मी सरसकट पाचशे नव्वद लिहिलं, बहमनाचं नंतर बघू म्हटलं, आणि प्रोग्रॅम देऊन टाकला. मग विसरलो. ही कबुली मी आजवर कुणाला दिली नाही, बायकोलाही नाही.

पुढं काही महिन्यांनी, खुलताबादच्या खालच्या अंगाच्या एका वाडीतले मेंढरं राखणारे एक गृहस्थ मामांकडे आले. त्यांच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती, पण जातीचा दाखला दोन दिवसांत दिला नाही तर ती जागा जाणार होती. त्या गृहस्थांच्या वडिलांच्या शाळेच्या नोंदीत जात लिहिलेली नव्हती. त्यांच्या चुलत्याच्या नोंदीत होती. चुलता सख्खा म्हटल्यावर काम व्हायला हरकत नव्हती. पण कचेरीतल्या कारकुनानं कागद परत केले होते. मामांनी मलाही बरोबर घेतलं, मशीनचं काही असेल तर म्हणून.

कारकुनानं आमच्यापुढं छापील कागद ठेवला. माझ्याच प्रोग्रॅमचा होता. दोघा भावांतल्या थोरल्याचा जन्म आजूरचा, धाकट्याचा पुढच्या फसली सालातल्या तीर महिन्याचा. खाली अंतर लिहिलेलं होतं: सात महिने.

"कॉम्प्युटरचा कागद हाय," कारकून म्हणाला. "एका आईची दोन लेकरं सात महिन्यांच्या अंतरानं? मी सही कशी करू?"

मेंढरंवाले शांतपणे म्हणाले, "साहेब, मेंढीला पाच महिने लागत्यात. माझी आजी मेंढी नव्हती."

कारकून हसला, पण सही केली नाही. हा फसलीचा हिशेब कुणी दिला, असं त्यानं विचारलं. मला तोवर सगळं कळलं होतं. ऑक्टोबरातला आजूर बरोबर आला होता, आणि मे महिन्यातला तीर एक अख्खं वर्ष मागं गेला होता. खरं अंतर एक वर्ष सात महिने. माझ्या तोंडून निघालं, "मामांनी. फसलीचं सगळं त्यांनीच सांगितलंय."

वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रविवारी सकाळी ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, किती मागं पडलं ते बघायला, तसं पाहिलं. मग कारकुनाकडे वळून म्हणाले, "व्हय. बहमनाच्या पुढचं सांगायचं माझ्याकडून राहिलं. म्हातारपण. जावईबापू दुपारपर्यंत नीट करून देतील."

ज्या माणसानं एका दिवसाची चूक चाळीस वर्षं उराशी धरली, त्यानं अख्खं वर्ष कागदाच्या कपट्यासारखं उचलून खिशात घातलं. मी खोलीवर धावलो, तीन ओळी बदलल्या, एक्याण्णव लिहिलं, बहमन फोडला. चारच्या आत नवा कागद कारकुनाच्या टेबलावर होता आणि सही झाली. मेंढरंवाल्यांनी कागद घडी करून पटक्यात खोचला, मामांच्या पाया पडले, आणि माझ्याही पडले. ते शेवटचं मला अजून सोसत नाही.

परतताना रिक्षात मी काहीतरी बोलायला गेलो. मामांनी हात वर केला. "मशीन चुकलं म्हणलो असतो तर चौकशी लागली असती. पंधरा दिवस तरी गेले असते. म्हातारा चुकला म्हणलं की काम दुपारात होतं. पोरीकडं दोनच दिवस होते ना?" आणि मग, रस्त्याकडे बघत, "रात्री मोजल्या तर दोन. दिवस मोजले तर दीड."

त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही नाही. ती मुलगी नर्स झाली, असं मामांनीच एकदा सांगितलं, प्रशिक्षणाला किती दिवस लागले त्यासकट. माझ्याकडे ते त्याच प्रेमानं बघत राहिले, आणि तेच जड जाई. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. न रागावलेल्याला काय सांगणार? आज सांगू, उद्या सांगू असं करत मी एकच चूक एकाच हिशेबानं चालवत राहिलो.

मामा गेल्यावर मामींनी मला दोन वस्तू दिल्या: घड्याळ आणि वही. घड्याळ आता माझ्या बैठकीत आहे. आठवड्याला चार मिनिटं मागं पडतं, आणि घरात कुणी त्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे. वही मी बरेच दिवस उघडली नाही. उघडली तेव्हा तीन नोंदींच्या खाली चौथी होती. त्या दिवसाची तारीख, इंग्रजी आणि फसली, दोन्ही. पुढं एवढंच: "बहमन सांगायचा राहिला."

कारकुनासमोर कबूल केलं ते एकवेळ समजू शकतो. पण कुणी बघणार नाही अशा वहीतही, स्वतःच्या हातानं, त्यांनी माझी चूक स्वतःच्या नावावर टाकली होती. सगळ्या जन्मात त्यांनी लिहिलेली ही एकच खोटी नोंद, आणि ती माझ्यासाठी.

गेल्या रविवारी मी ती दुरुस्त केली. खाली लिहिलं, की बहमन तीनदा सांगितला होता, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, चूक माझी. मग ही दुरुस्ती किती उशिरा होते आहे ते लिहावं, म्हणून मशीनला दोन तारखा दिल्या. त्यानं इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस असं झटकन सांगितलं. मी लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. महिने कुठले, असा प्रश्न खोलीत कुठूनतरी आलाच. म्हणून महिने सोडले, वर्षंही सोडली, आणि नुसते दिवस मोजले, आधी मशीनवर, मग कागदावर, हातानं. आकडा चार अंकी निघाला. दोन्हीकडे एकच आला. दाखवायला मात्र कुणी नव्हतं.