दसऱ्याचा चंदेरी पाइप

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजता, माझ्या काकांचा हात भाजला. ते आमच्या गावाजवळच्या सरकी तेलाच्या रिफायनरीत फिटर आहेत. गरम कॉस्टिक सोड्याचा पाइप जोडाजवळ फुटला आणि फवारा थेट मनगटावर आला.

त्याआधी महिनाभर काका मॅनेजरला सांगत होते, "वरचा गंज डोळ्याले दिसते, त्याचे पापुद्रे सुटतात. पण कॉस्टिक जोडाजवळ केसाएवढी चीर पाडते अन् ते रंगाखाली झाकून जाते."

दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. म्हणून मॅनेजरने त्याच संध्याकाळी चिरेवर पत्रा आवळून पाइपाला चंदेरी रंग मारून घेतला. वर काकांपुढे कागद सरकवला: 'पाइप चांगला होता, चूक माझीच.' सही करा म्हणे!

पूजेला मी काकांसोबत गेले आणि ताट मॅनेजरपुढे धरलं.

"साहेब, त्या पाइपाले तुमच्याच हातानं कुंकू लावा."

"तूच लाव न पोरी."

"मी कायले? पाइप चांगला आहे हे तुम्हीच म्हणता. चांगला अंगठा दाबून लावा."

साहेबांनी चार हात लांबून कुंकू फेकलं. अर्धं भटजींच्या धोतरावर पडलं. कामगार खो-खो हसले.

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हीच हात लावून नाही राह्यले, मग मी सही काहून करू?"

त्यांनी सही केली नाही.

आता यंदाचा दसरा येतो आहे. तुमच्या कारखान्यात रंगाचा डबा उघडण्याआधी प्रत्येक जोड घासून तपासायला लावा. आणि ज्या पाइपाला साहेब हात लावत नाहीत, त्याला तुम्हीही लावू नका.