काय म्हणाले काकू

आमच्या कासारवाडीच्या विहारात रविवारी पोरांचा धम्मवर्ग घेणाऱ्या काकूंचं खरं नाव अर्ध्या पोरांना माहीतच नव्हतं. सगळे त्यांना 'काय म्हणाले काकू'च म्हणायचे. कारण त्यांचा होमवर्क कायम एकच. आठवड्यात कुणी आपल्यासाठी काही केलं असेल तर त्याच्यासमोर जाऊन आभार मानायचे, आणि रविवारी वंदना झाली रे झाली की काकू विचारणार, "मग, काय म्हणाले?"

मेसेज चालायचा नाही हां. मी एकदा हात जोडलेला इमोजी पाठवून मोकळी झाले, तर म्हणाल्या, "ज्ञान मिळाल्यावर बुद्ध त्या सावली देणाऱ्या झाडासमोर पापणी न लववता उभे राहिले. झाडासमोर. तुला माणसासमोर उभं राहायला काय होतं गं?"

मग काय, गेले. पंक्चरवाले सलीमचाचा आधी दचकलेच, परत हवा गेली की काय म्हणून. मग हसून म्हणाले, "बेटा, पंक्चर काढल्यावर नुसतं भेटायला आलेली तू पहिलीच." काकूंनी ते अख्ख्या वर्गाला दोनदा ऐकवलं. आदित्यला तर सोसायटीच्या वॉचमनने बाजूला घेऊन विचारलं होतं, काय फोडलंस ते खरं सांग. आम्ही हसून बेजार, आणि काकू आमच्याहून जास्त.

काकू चाकणला एका कंपनीत पॅकिंगला होत्या. कधी कधी तर शिफ्ट संपवून थेट विहारात, डोळे तारवटलेले, पण आवाज खणखणीत. आणि त्यांचे आभार मानायला गेलं की लगेच कटायच्या. "माझं राहू दे, आज खीर कुणी केली ते बघ आधी."

म्हणून त्या रिटायर होऊन मुलाकडे नांदेडला निघाल्या तेव्हा आम्हाला एकच टेन्शन. या बाईला थँक्यू म्हणायचं तरी कसं? आता नाही तर कधीच नाही.

शेवटच्या रविवारी वंदना झाली. काकूंनी तोंड उघडायच्या आत आम्ही सगळे उठून त्यांच्यासमोर उभे. मी म्हटलं, "काकू, या आठवड्याचा होमवर्क तुम्ही आहात. थँक्यू."

होमवर्क म्हटल्यावर त्यांना कटताच येईना. वर आदित्य त्यांच्याच सुरात, "मग, काय म्हणाल्या?"

काकू एकेकाकडे नुसत्या बघत राहिल्या. डोळे गच्च भरलेले, ओठांवर हसू, पण पापणी काही लववेनात.

सगळ्यात छोटी पिहू मला कोपर मारून कुजबुजली, "ताई, आपण झाड झालो."