धारकास एक युनिट

वाघचौरे काकांना कुणी नोट दिली की ते ती उजेडात धरायचे, तिच्यावरून अंगठा फिरवायचे आणि विचारायचे, "खरी आहे. पण हिच्यामागे काय आहे?" दूधवाला बिचारा स्वतःच्याच मागे वळून बघायचा.

नाशिक रोडला आमची त्यांची भिंत एकच. जन्म छापखान्यात नोटा तपासण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर हे खूळ डोक्यात शिरलं. "सुनील, सोनं नुसतं तिजोरीत पडून राहतं रे. त्यानं दिवा लागतो का? देशानं नोटेमागे वीज ठेवावी. जितकी साठ्यात, तितक्याच नोटा. एक जास्त छापली तर चोरी!" दिल्लीला पत्रं धाडली, साधी पोचसुद्धा आली नाही. मग म्हणाले, आपणच करून दाखवू. काकूंच्या पाटल्या विकून गच्चीवर सोलर बसवलं, घरात बॅटऱ्या आणल्या. त्यात दहा युनिटं मावायची, म्हणून बरोबर दहाच नोटा हातानं काढल्या. 'धारकास एक युनिट वीज देण्याचे वचन देतो.' खाली सही. दिवाळीत बिल्डिंगमध्ये वाटल्या. आम्ही हसलो, पण घेतल्या.

काकूंना दम लागायचा, दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागे. डॉक्टर म्हणाले होते, जोडीला एक सिलिंडर ठेवा. "साठा आहे की घरात," काका म्हणाले. काकू नाकातली नळी सावरत हसायच्या, "माझ्या पाटल्यांवर श्वास चाललाय हो!"

मे महिन्यात वादळात खांब पडले आणि लाइट गेली. सकाळी आभाळ गच्च, सोलर नावालाच. सगळी बिल्डिंग नोटा घेऊन काकांच्या दारात. कुणाला मोबाइल चार्ज करायचा, कुणाला मिक्सर फिरवायचा. काकू आतून म्हणाल्या, "अहो, आजच्या दिवस थांबवा ना त्यांना."

"वचन दिलंय. आज नाही म्हटलं तर इतकी वर्षं मी बडबडलोच कशाला? आणि लाइट दुपारी येतेय म्हणतात."

नोटेवर भोक पाडून ते एकेकाला वीज देत होते. माझी शेवटची. मला त्यांनी खिडकीतून वायर ओढून दिली. त्या दहांत घरासाठी एकही युनिट धरलेलं नव्हतं. हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना आम्हा शहाण्यांच्या.

चारच्या सुमारास आमचा टीव्ही बंद पडला. मी चरफडत उठलो, तेवढ्यात भिंतीपलीकडे ते मशीन ओरडायला लागलं. रस्त्यात झाडं आडवी पडलेली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा काकू गेल्या होत्या.

तेराव्यानंतर काका आले. भोक पाडलेली माझी नोट त्यांनी उजेडात धरली. "सुनील, तुझं युनिट पूर्ण झालं नसेल रे."

"झालं, काका."

"काय चालवलंस?"

"मोबाइल. आई गावी एकटी असते ना, तिची काळजी वाटत होती."

"मग बरं झालं. कामी आलं," म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

मी मॅच बघत होतो. कोण जिंकलं तेही आता आठवत नाही.