कार्ड माझं, नंबर बाबांचा

माझे बाबा कंडक्टर आहेत आणि त्यांचा कोणावरही विश्वास नाही. यातलं आधी काय झालं, ते आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. मंगरूळपीरहून बस सुटली की ते मागून पुढे येतात. वयाची सवलत घेऊन फुकट बसलेल्या म्हाताऱ्याचं आधार कार्ड हातात घेतात, आधी फोटो बघतात, मग म्हाताऱ्याकडे बघतात, मग पुन्हा फोटो. स्वतःच्या सख्ख्या आत्याचंही त्यांनी असंच बघितलं. भरल्या गाडीत आत्या म्हणाली की अरे, तुले मीच कडेवर घेऊन फिरवलं. बाबा म्हणाले, फिरवलं असंन, कार्ड दाखव.

मी वाशीमला कॉलेजात जायचे तेव्हा बरेचदा त्यांचीच गाडी असायची. मैत्रिणींना वाटायचं, हिची काय मजा आहे. एकदा मी पास घरी विसरले. बाबांनी हात पुढे केला, मी विसरले म्हणून सांगितलं. त्यांनी मशीनमधून तिकीट काढलं, शर्टाच्या खिशातले स्वतःचे पैसे कामाच्या बॅगेत टाकले, तिकीट माझ्या हातात दिलं आणि पुढच्या सीटकडे गेले. घरी आल्यावरही त्यावर अवाक्षर नाही. हा किस्सा आगारात इतका फिरला की नव्यानं लागलेल्या ड्रायव्हरलाही तो पाठ असतो.

मला जर्मनीला शिकायला जायचं होतं. सगळे कागद झाले, व्हिसा झाला, आणि मग परदेशात वापरायचं कार्ड काढायचं राहिलं. आमच्या गावच्या बँकेत विचारलं तर तिथल्या साहेबांनी असं कार्ड स्वतःही बघितलेलं नव्हतं, त्यांनी अकोल्याला जायला सांगितलं. अकोल्याच्या साहेबानं नीट समजावलं. इथून पैसे आधीच भरायचे, त्यांचे युरो होतात, तिथं दुकानात कार्ड लावायचं आणि खर्च करायचा, संपले की घरच्यांनी इथून पुन्हा भरायचे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, युरो कुठी हायेत? साहेब म्हणाला, कार्डात. बाबांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. एखादी नोट तरी दाखवा म्हणाले. तशी नोट त्यांच्याकडे नव्हती. बॅगेत दिसत नाही तो पैसा बाबांच्या लेखी पैसाच नाही, पण माझ्यासाठी त्यांनी तेवढं चालवून घेतलं.

मग साहेबानं मोबाइल नंबर विचारला आणि बाबांनी स्वतःचा सांगितला. यात मलाही काही वावगं वाटलं नाही. माझा इथला नंबर बंदच होणार होता. शिवाय आमच्याकडे सिलिंडर, रेशन, लाइट बिल, आईच्या बचत गटाचं खातं, सगळं बाबांच्याच नंबरवर आहे. माझा दहावीचा निकालही त्यांच्याच फोनवर आला होता आणि ड्युटी संपेपर्यंत त्यांनी तो उघडला नव्हता. साहेब म्हणाला, कार्डानं ऑनलाइन पैसे भरले की या नंबरवर ओटीपी येईल, तो कोणालाही सांगायचा नाही. बाबांनी विचारलं, घरच्याले? साहेब म्हणाला, कोणालाच नाही. बाबा खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांच्यासारखा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. मी शेजारीच बसून मान हलवत होते. कार्ड जर्मनीत असणार आणि नंबर मंगरूळपीरला, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यातली दोघं तर शिकलेली होती.

बाबांच्या बाजूनंही थोडं बोलायला पाहिजे. त्यांच्या सोबत वर्षानुवर्षं गाडी चालवलेला एक ड्रायव्हर रिटायर झाला. त्याला एक दिवस पुतण्याचा फोन आला. माझा अपघात झाला, दवाखान्यात आहे, काका, तुमच्या फोनवर नंबर आला असंन तो लवकर सांगा. आवाज पुतण्याचाच होता, रडणंही त्याचंच. काकानं नंबर सांगितला आणि फंडाचे पैसे गेले. पुतण्या त्या वेळी शेतात सोयाबीनला फवारणी करत होता. तेव्हापासून आगारात सगळ्यांना कळलं की आता आवाज बनवता येतो, चेहराही बनवता येतो. बाकीचे चार दिवसांत विसरले. बाबा विसरणाऱ्यांतले नाहीत.

मी निघाले त्या दिवशी बसस्टँडवर अर्धी वस्ती आली होती. आईनं सकाळीच कार्ड पदरानं पुसून बुद्धमूर्तीपुढं ठेवलं होतं, मेणबत्ती लावली होती, आणि स्टँडवर येईपर्यंत ते माझ्या पर्समध्ये आहे की नाही हे सारखं विचारत होती. प्रत्येकाला मला काहीतरी सांगायचं होतं. मामा म्हणाला, तिथं थंडी असते, कान झाकत जा. काकू म्हणाली, कोणाच्या हातचं काही पिऊ नको. शेजारचे गुरुजी शिक्षणाचं महत्त्व सांगत होते, जणू मी तिथं वरातीला चालले होते. आई तर रडता रडता लोणच्याची बरणी कशी उघडायची ते सांगत होती. जयभीम, जयभीम करत मी गाडीत चढले. गाडीवर दुसरे कंडक्टर होते, बाबांच्याच जोडीचे.

बाबा गाडीत आले. माझी बॅग वर नीट बसली आहे का बघितलं. माझ्यापाशी थोडं थांबले. मी वाट बघत होते. त्यांनी वरची दोरी धरली, दोनदा घंटी मारली आणि उतरले. घंटी झाली की ड्रायव्हर निघतो, त्यामुळं तो निघाला. अजून वेळ झालेली नव्हती. आईचं वाक्य अर्धवट राहिलं, आणि तुमच्यापायी गाडी टायमाच्या आधी सुटली, हे ती बाबांना अजूनही ऐकवते. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, अकोल्यापर्यंत मला रागच होता.

जर्मनीत पोहोचल्यावर दुकानात कार्ड लावलं की चालायचं, बटाटे यायचे, ब्रेड यायचा. अडचण आली ती खोलीची. मी उतरले होते त्या हॉस्टेलमधली मुदत संपत आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाट सोडायची होती. खोली कोणालाच मिळत नव्हती. माझ्या वर्गातला एक जण मित्राच्या स्वयंपाकघरात झोपत होता. त्यातच एका बाईनं मला खोली द्यायचं कबूल केलं. अट एकच, संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स तिच्या वेबसाइटवरून भरायचा, नाहीतर रांगेतल्या पुढच्या मुलीला खोली जाईल. मी कार्डाचा नंबर टाकला. स्क्रीनवर आलं की तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. माझ्या मोबाइलवर काहीच आलं नाही आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी बाबांना व्हॉट्सॲपवर फोन लावला. तिकडं उन्हं कलली होती, ते गाडीवर होते. म्हटलं बाबा, आता तुमच्या फोनवर एक नंबर आला असेल, तो सांगा लवकर. बाबांनी फोन कापला.

मी पुन्हा लावला, त्यांनी पुन्हा कापला. मग मी आईला लावला आणि सगळं सांगितलं. आईनं त्यांना लावला. आईलाही त्यांनी नंबर सांगितला नाही. त्यांचं म्हणणं, तुहा आवाजबी बनवता येते त्याइले. आईनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज कोणालाही बनवता आला नसता, इतकी ती तापली होती. इकडं त्या ओटीपीची वेळ संपली होती. मी हॉस्टेलच्या जिन्यावर बसले आणि मला रडू आलं. परक्या माणसांनी मला फसवलं असतं तर समजू शकले असते. माझ्याच बापानं मला चोर धरलं होतं.

मग बाबांचाच फोन आला. आपण लावलेला फोन खरा, आलेला खोटा, असा त्यांचा हिशेब. गाडी कामरगावच्या स्टँडवर उभी होती. त्यांनी व्हिडिओ लावला होता. स्क्रीनवर त्यांचा अर्धा चेहरा, आणि त्यांच्या खांद्यामागून अर्धी गाडी मला बघत होती. मी म्हटलं बाबा, बघा, मीच आहे. ते म्हणाले, दिसून तं राह्यली. दिसण्यावर त्यांचा भरवसा नव्हताच.

त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. आधी विचारलं, आपल्या आंगणात झाड कशाचं हाय? मी म्हटलं, कडुलिंबाचं. त्यांच्या मागं बसलेले एक आजोबा म्हणाले की हे तं जाणाऱ्यायेणाऱ्यालेबी दिसते, याच्यात काय हाय. बाबांना पटलं. एक बाई म्हणाली, देऊन टाका ना हो भाऊ, पोरगीच हाय ते, डोळे पाहा कसे सुजले. आजोबा म्हणाले, डोळेबी सुजवता येतेत. त्या आजोबांचा मला भयंकर राग आला.

दुसरा प्रश्न पासचा होता. तू पास विसरली तं मी काय केलं होतं? मी सांगितलं, तिकीट काढलं, पैसे तुमच्या खिशातून घातले. हे बरोबर होतं, पण गाडीचा ड्रायव्हर पुढून ओरडला की हे तं मलेबी माहीत हाय. म्हणजे तोही गेला. मी रडत रडत बाबांना सांगितलं की संध्याकाळ झाली तर खोली जाईल आणि उद्या सकाळी मला बॅग घेऊन रस्त्यावर बसावं लागेल. बाबा स्क्रीनकडे बघत होते. ते कधी नव्हे ते घाबरलेले दिसले. पोरगी खरी असली तर काय, आणि खोटी असली तर काय, या दोन्हींच्या मधे त्यांचा जीव अडकला होता. मला तेव्हा हे कळलं नाही, मला फक्त संताप आला होता.

गाडी सुटायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. ड्रायव्हरनं इंजिनही बंद केलं. बाबांनी बराच विचार केला आणि फोन तोंडाजवळ आणला.

"तू गेली त्या दिवशी गाडीत मी तुले काय सांगतलं?"

गाडीतल्या सगळ्यांनी माना पुढं काढल्या. त्यांनाही ऐकायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढं कान झाकणं आलं, लोणचं आलं, शिक्षणाचं महत्त्व आलं. कोणत्याही चोराला विचारलं असतं तर त्यानं यातलं काहीतरी फेकलंच असतं. बाप म्हटलं की काहीतरी सांगणारच.

"काहीच नाई सांगतलं, बाबा. तुमी घंटी मारली अन् उतरले."

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती बाई म्हणाली, बाप्पा, आणि तिनं पदर तोंडाला लावला. बाबांनी फोन खाली केला, त्यामुळं मला बराच वेळ गाडीचा पत्रा आणि त्यांच्या खाकी शर्टाचं बटण दिसत होतं. मग ते म्हणाले, पाठव पुन्हा.

मी पुन्हा कार्डाचा नंबर टाकला. त्यांच्या फोनवर नवा ओटीपी आला. त्यांनी एकेक आकडा वाचला, मधे थांबून, मी टाकला का हे विचारत विचारत. सगळ्या गाडीनं तो ऐकला असेल. बँकेच्या साहेबाला हे कळलं असतं तर त्याला झीट आली असती. पैसे गेले, खोलीवालीचा मेसेज आला की किल्ली उद्या सकाळी घेऊन जा. मी म्हटलं झालं बाबा, खोली मिळाली. गाडीत दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी त्यांना गप्प बसवलं.

मग ते आवाज खाली करून म्हणाले, "त्या दिवशी बोलाचं होतं मले. गाडीले उशीर झाला असता."

मी म्हटलं, आज झालाच आहे, आता बोला. त्यांनी गाडीकडे बघितलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते, कानात प्राण आणून. ड्युटीवर हावो आता, असं ते म्हणाले, फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि मला अंधार दिसायला लागला. त्या अंधारात घंटी ऐकू आली, दोनदा, आणि गाडी सुरू झाली.

फोन त्यांनी कापला नव्हता. विसरले असतील म्हणून मी हाक मारणार होते, पण बाबा काही विसरत नाहीत. ते कोणाला तरी सुटे मागत होते, कोणाला मागं सरकायला सांगत होते, एका पोराला म्हणाले, पास दाखव. मधेमधे हात खिशावर ठेवल्यासारखा आवाज व्हायचा, फोन आहे का ते बघत असावेत. मी जिन्यावर तशीच बसून राहिले. गाडी कारंज्याला लागेपर्यंत त्यांनीही कापला नाही आणि मीही नाही.