बोटाखालचं बटण

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. देवासमोर हात जोडतानाही हा विषय टाळत आलो — तिथे काय, घरच्यांची तब्येत, मुलीची नोकरी, एवढंच मागायचं आणि उठायचं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. की तसंही नाही? थकलो आहे, हेच खरं असावं. एक गोष्ट वर्षानुवर्षं लपवायची म्हणजे रोज थोडं थोडं काम असतं, आणि त्या कामाला रविवार नसतो.

रेडिओपासून सुरुवात करतो. माझं सगळं बोलणं तिथूनच सुरू होतं, घरचे कंटाळलेत. हा गाण्यांचा रेडिओ नव्हे. कॅमेरा लावलेला छोटा ड्रोन असतो, आपण डोळ्यांवर गॉगल चढवायचा, म्हणजे ड्रोनला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. दोन्ही हातांत जे यंत्र धरून तो उडवायचा, त्याला आम्ही उडवणारे लोक रेडिओ म्हणतो. घरात सगळे रिमोटच म्हणतात. पूर्वी मी त्यांना सुधारायचो, आता सोडून दिलं.

आम्ही मूळचे नागपूरचे. नोकरीपायी भोपाळला आलो, मिसरोदला घर घेतलं आणि इथलेच झालो. मी कारखान्याच्या देखभाल विभागात होतो. यंत्रांशी बोलायची सवय, माणसांशी बेताचीच. पन्नाशी उलटल्यावर हा ड्रोनचा छंद जडला. पहिला रेडिओ साधाच घेतला होता, मुलांच्या व्हिडिओ गेमला असतो तसा. वर्षभरात त्याच्यावरच्या, ड्रोन वळवायच्या दोन छोट्या दांड्या ढिल्या पडल्या. दांडी मध्ये सोडली तरी ड्रोन आपला एका बाजूला कलायचा. मग दुसरा घ्यायचं ठरलं.

काय सांगू तुम्हाला — त्या काळात मी दुसरं काही बोललोच नाही. दांडी नुसत्या अंगठ्यानं हलवायची की चिमटीत धरून? आत घासून झिजणारा भाग चालेल की चुंबकाचा सेन्सर हवा? सिग्नल झाडामागे तुटेल का? हातात जड तर होणार नाही? जेवताना माझ्या हातात मोबाईल, त्यात कुणीतरी परदेशी माणूस रेडिओ उघडून दाखवतोय. शुभा, म्हणजे माझी बायको, एकदा वाढता वाढता म्हणाली, "अहो, मुलीसाठी स्थळ पाहिलं तेव्हासुद्धा तुम्ही एवढी चौकशी केली नव्हती." खरंच केली नव्हती.

नवा रेडिओ आला, चुंबकाच्या दांड्यांचा. त्यात एक सोय होती, आणि माझी सगळी गोष्ट त्या सोयीवरच येऊन थांबते. जुना रेडिओ तारेनं नव्याला जोडता यायचा. जुना शिकणाऱ्याच्या हातात, नवा शिकवणाऱ्याच्या. नव्याच्या वरच्या कडेला, तर्जनीखाली येईल असं एक बटण. ते दाबून धरलं की ड्रोन शिकणाऱ्याच्या ताब्यात. सोडलं की त्याच क्षणी शिकवणाऱ्याच्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना, तसंच काहीसं.

"जुना नुसता पडून राहील, तू शीक की," असं मी शुभाला म्हणालो. मोठ्या मनानं म्हणालो असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, मला एक प्रेक्षक हवा होता. मी मास्तर, ती शिष्या, तिनं चुकावं आणि मी सावरावं — असलंच काहीतरी डोक्यात असणार. नाहीतर कशाला आग्रह केला असता?

पण शुभा चुकेना. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. रक्त काढायची. तान्ह्या बाळाची शीर, जी भल्याभल्यांना सापडत नाही, ती तिला बोटानं चाचपून सापडायची. चार इमली या बड्या वस्तीतल्या साहेबलोकांच्या घरून लॅबला फोन यायचे, नातवाचं रक्त काढायचंय, त्याच मॅडमना पाठवा. तिचे हात म्हणजे... मी त्या हातांकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. रेडिओच्या दांडीवर तिचे अंगठे ठेवलेले पाहिले तेव्हा कळलं. ती दांडी ढकलायची नाही, नुसता भार द्यायची. ढिल्या दांड्यांचा तो जुना रेडिओ, आणि तिच्या हातात ड्रोन कसा सरळ जायचा!

थंडीतला रविवार होता. मिसरोदच्या पुढे एक कॉलनी आखलेली होती — रस्ते झाले, विजेचे खांब उभे राहिले, सिमेंटची मोठी कमानही झाली, घरं मात्र एकही नाही. आम्ही तिथेच उडवायला जायचो. माझ्याबरोबर इरफान असायचा. वयानं माझ्याहून बराच लहान, पण या छंदात मला सीनियर. त्या दिवशी मामाजीही आले होते. मामाजी म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बिट्टन मार्केटजवळ मुलाकडे राहायचे, आणि लेक काय उडवते ते बघायचंय म्हणून हट्टानं आले होते. आम्ही त्यांना आमच्या डाव्या हाताला, जरा मागे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. स्वेटर, मफलर, मांडीवर हात. ते ड्रोनकडे कमी आणि शुभाकडे जास्त बघत होते.

शुभाच्या डोळ्यांवर गॉगल होता. म्हणजे तिला मी दिसत नव्हतो. हे लक्षात ठेवा.

तिनं ड्रोन वर नेला, लांब वळवला आणि त्या कमानीतून आरपार काढला. मी त्या कमानीत अनेकदा प्रयत्न केले होते. दोन वेळा आपटलो होतो, बाकीच्या वेळी ऐनवेळी घाबरून वरून नेला होता. तिनं पहिल्याच खेपेला काढला. इरफाननं टाळी वाजवली आणि हसत म्हणाला, "भाभी, आप तो सर से बढ़िया उड़ा रई हो." मामाजींनीही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा हसलो असेन. चेहऱ्यानं हसलो असेन.

आता इथे मी पुष्कळदा थांबलो आहे. मनातल्या मनात सांगतानाही इथेच थांबतो. कुणी विचारलंच तर देता येतील अशी उत्तरं मी तयार करून ठेवली होती. वारा सुटला होता — नव्हता सुटला. बॅटरी संपत आली होती — नव्हती आली. थंडीनं बोट बधिर झालं — दुपारचं ऊन होतं हो. ड्रोन आमच्याकडे परत येत होता, छान, संथ. कसलाही धोका नव्हता. मी बटण सोडलं.

का सोडलं? कारण मला तो माझ्या हातात हवा होता. त्या टाळ्या संपायच्या आत मला एक झोकदार वळण घेऊन दाखवायचं होतं. हेवा वाटला. स्वतःच्या बायकोचा, ती चांगलं करत होती म्हणून. एवढंच कारण आहे, दुसरं नाही.

आणि सोडताना मी एक गोष्ट विसरलो, जी शिकवणाऱ्यानं विसरायचीच नसते. मोटारींचा वेग ठरवणारी दांडी आपोआप मध्ये येत नाही, जिथे ठेवाल तिथेच राहते. माझ्या रेडिओवर ती पार तळाशी होती. ताबा माझ्याकडे आला आणि मोटारी गप्प झाल्या. ड्रोन दगडासारखा पडायला लागला. मी घाबरलो आणि दांडी एकदम वर मारली, पार टोकाला. तोवर तो पडता पडता कलंडला होता. पूर्ण ताकदीनं तो वर न जाता आडवा सुटला. खुर्चीकडे. मामाजींनी तोंडासमोर उजवा हात धरला.

पाती फिरत होती. माझ्या अंगठ्यामुळे फिरत होती.

शुभानं गॉगल काढला तेव्हा तिला वडिलांचं रक्त दिसलं. आयुष्यभर रक्त पाहिलेली बाई, पांढरीफटक पडली. आधी तिनं मफलरनं हात घट्ट बांधला, वर उचलून धरला — हे सगळं तिचे हात आपोआप करत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, काय केलं मी?"

बघा, प्रश्न कसा होता. तिनं तो माझ्यासाठी आधीच सोपा करून ठेवला होता. मी म्हणालो, "अंगठा सटकला असेल तुझा."

तरी हे अजून मागे घेता आलं असतं. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. पण इरफान जाणकार. तो माझ्याजवळ आला, दोन रेडिओंमधल्या तारेकडे त्यानं पाहिलं आणि सरळ विचारलं, "सर, कंट्रोल किसके पास था?" मी तोवर माझी दांडी खाली आणून ठेवली होती, ती टोकाला कुणाला दिसू नये म्हणून. शांतपणे आणली होती, तेही सांगून टाकतो. शुभा ऐकत होती. मामाजी ऐकत होते. मी म्हणालो, "इनके पास ही था."

हीच ती गोष्ट. बाकी सगळं त्या चार शब्दांच्या मागून आलं.

हॉस्पिटल, टाके, पुन्हा एक ऑपरेशन. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही पुढे नीट वाकली नाहीत. मामाजी एका शब्दानं रागावले नाहीत. "काही नाही बाप्पा, म्हाताऱ्याला दोन बोटं कमी लागतात," असं शुभालाच समजावत राहिले. पण शर्टाची बटणं लावता येईनात. पेन धरता येईना. ज्या माणसानं उभी हयात फायलींवर डौलदार सही केली, त्याची सही बँकेत जुळेना. शेवटी शुभा त्यांना घेऊन गेली आणि त्यांनी अंगठा उठवला. परत आल्यावर ती स्वयंपाकघरात कितीतरी वेळ नळ सोडून उभी होती. मी बाहेर पेपर वाचत बसलो.

ड्रोनला तिनं पुन्हा हात लावला नाही, हे तर झालंच. पण एवढ्यावर थांबलं नाही. काही आठवड्यांनी लॅबमध्ये कुणी तान्हं बाळ आणलं की ती दुसऱ्या टेक्निशियनला पुढे करू लागली. मला म्हणाली, "सुई टोचताना बाबांचा हात दिसतो. माझ्या हाताचा आता भरवसा नाही." मग मोठ्या माणसांचंही रक्त काढणं टाळू लागली. मग नुसते रिपोर्ट. मग निवृत्तीच्या बऱ्याच आधी नोकरीच सोडली. तिचे हात पहिल्यासारखेच स्थिर होते — आजही आहेत, भाजी चिरताना मी बघतो ना. ते बिघडले आहेत असं तिला मी पटवलं होतं.

मी काय केलं? रेडिओ बदलला. नंतर पुन्हा बदलला. प्रत्येक वेळी लोकांना वाटायचं, हा माणूस किती शौकीन. तिच्यासाठीही एक नवाकोरा मागवला, हलका, लहान हातांत मावणारा. तिनं खोकं उघडलं नाही. ड्रोनवाल्यांच्या ग्रुपवर नवशिके मला विचारतात, कुठला रेडिओ घेऊ? मी सविस्तर सांगतो. शेवटी हेही लिहितो की कुणाला शिकवणार असाल तर आपली दांडी शिकणाऱ्याच्या दांडीबरोबर हलवत राहा, तळाशी ठेवू नका. लोक अंगठे दाखवून आभार मानतात.

सांगायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. रोज येत होत्या. आधी वाटलं मामाजींची जखम भरू दे. मग वाटलं, आता इतक्या उशिरा सांगितलं तर तिला जास्तच लागेल. हे तिच्यासाठी वाटायचं की माझ्यासाठी, हे मला तेव्हाही माहीत होतं. ती कधी रडायला लागली की मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचो, "तुझी चूक नव्हती गं." ती मान हलवायची. तिला ते सांत्वन वाटायचं.

गेल्या वर्षी मामाजी गेले. वयानंच गेले, झोपेत. शेवटपर्यंत त्यांना हेच माहीत होतं की लेकीचा अंगठा सटकला.

तेराव्याला नागपूरचे नातेवाईक आले होते. जेवणं झाली, बायका-माणसं हॉलमध्ये टेकली. बोलता बोलता विषय मामाजींच्या हातावर आला, आणि शुभानं सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबांचा हात माझ्यामुळे गेला. पण ह्यांनी मला एवढ्या वर्षांत त्याबद्दल कधी बोल लावला नाही. असा नवरा मिळायला भाग्य लागतं." तिच्या काकूंनी डोळे पुसले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. मग मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणालो, "तिची काहीच चूक नव्हती."

काकू म्हणाल्या, देवमाणूस आहे हो. शुभानं पदरानं चेहरा पुसला आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली. मी ते प्यायलो.