भावाचं नाव असलेलं पान

नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून आम्ही पिस्कॅटवे शहर सोडून वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगराळ गावात आलो. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजी एक जुनी वही घेऊन दारात उभ्या. आजी अमेरिकन, नव्वदीला टेकलेल्या; ‘आजी’ मी आपली मनात म्हणायचे.

वही त्यांच्या खापरपणजोबांची. अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलेलं असतानाच दक्षिणेकडच्या व्हर्जिनियातून फुटून उत्तरेच्या बाजूचं हे राज्य कसं झालं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं. आजींना ती लायब्ररीला द्यायची होती. पण त्यांना आता अक्षर दिसत नव्हतं. माझा मुलगा डोकावून म्हणाला, “आई, आय कान्ट रीड धिस.” जोडून लिहिलेलं इंग्रजी त्याला शाळेत शिकवलंच नव्हतं. मी अकोल्याला चार रेघी वहीत ते गिरवलेलं. त्यामुळे काम माझ्याकडे आलं.

रोज दुपारी मी मोठ्यानं वाचायचे, मग टाईप करायचे. बंदूकधारी शिपायांमधून वाट काढत मत द्यायला जाणं, जाळलेला पूल, चर्चमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसणारे शेजारी. “हे राज्य आमच्या माणसांनी घडवलं,” आजी अभिमानानं म्हणायच्या.

मग एक वेगळंच पान आलं. खापरपणजोबांचा धाकटा भाऊ दक्षिणेच्या सैन्यात होता. तो लपूनछपून आईला भेटायला आला, तेव्हा खापरपणजोबांनीच उत्तरेच्या शिपायांना त्याचं नाव आणि तो लपलेलं तळघर सांगितलं. भाऊ कैदेतच मेला. आई पुन्हा या मुलाशी बोलली नाही.

“हे पान गाळ,” आजी म्हणाल्या.

“मग बाकीचं तरी खरं कसं म्हणायचं?”

“लोक फक्त हेच वाचतील गं.”

मी गाळायला नकार दिला. तीन आठवडे त्यांनी मला बोलावलं नाही. मग स्वतःच फोन केला. “सगळं टाईप कर. पण मी गेल्यावर दे.”

वसंतात त्या गेल्या. मी वही आणि टाईप केलेले कागद लायब्ररीत दिले. महिन्याभरानं त्यांच्या मुलीचा फोन आला. लायब्ररीत तिनं ते पान वाचलं होतं. ती रडत होती.

“आईनं हे पान द्यायची परवानगी दिली होती? कुणासमोर?”

“फोनवर. मला एकटीला.”

“म्हणजे तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा.”

मी हो म्हणाले. तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिच्या आईच्या घराला कुलूपच आहे. ती आवरायलासुद्धा आलेली नाही.